खिशातला फ्यूज

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेली करंडी या मंगळवारी पोचली. सफरचंदं बारा, त्यातली दोन डागाळलेली. एक लोकरी शाल आणि चिठ्ठी, "भाऊजींना जप." जादा टपालाचे चाळीस मोजले. त्याच दिवशी कंपनीचं विजेचं बिल आलं, नऊशे साठ. वीज सरकारी खात्याकडे होती तेव्हा याच घराचं, याच चार दिव्यांचं बिल चारशेच्या वर कधी गेलं नाही. तिसरा आला तो कंपनीचा लखोटा. त्याला पैसे पडले नाहीत, पण तो वाचल्यापासून माझं प्रार्थनेत लक्ष लागत नाही.

सरकारी खात्याचे मी गोडवे गात नाही. आपल्या आईला मीटर मिळायला अकरा महिने लागले, आणि "साहेब जागेवर नाहीत" हे तर तिथल्या भिंतींनाही पाठ होतं. पण त्यांची एक रीत होती. खांबावर चढायच्या आधी खालच्या पेटीतला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा. तो खिशात आहे तोवर खुद्द मंत्री आला तरी त्याला तार जिवंत करता येत नसे. तू यांच्या हाताखाली लाईनवर उमेदवारीला लागलास तेव्हा यांनीच तुला हे शिकवलं. एकदा फ्यूज परत लावायचंच हे विसरले. शर्ट धुताना तो माझ्या हाती लागला, तोवर अर्धी गल्ली पंख्याविना घामाघूम! किती हसला होतास तू.

मग वीज एका खाजगी कंपनीला विकायचं ठरलं. तू म्हणायचास, "ताई, दिवा लागल्याशी मतलब, मालक कोण का असेना." लाईनमन तयार नव्हते. तू आमच्या खाटेवर बसून यांचे हात हातात घेतलेस. "भाऊजी, मी आत असेन. तुमच्या एकाही माणसाला धक्का लागू देणार नाही." तुझ्या शब्दावर यांनी संमतीच्या कागदावर पहिली सही केली आणि यांच्याकडे बघून बाकी एकोणीस जणांनी. तू नियंत्रण कक्षाचा साहेब झालास. पेट्यांना कुलपं लागली, किल्ल्या कंपनीकडे गेल्या. आता तुझ्या कक्षाला फोन करायचा, पलीकडून "बंद केली" असं आलं की चढायचं. हे म्हणायचे, "आता माझा जीव दुसऱ्याच्या खिशात."

त्या सोमवारी यांनी हात घातला तेव्हा तार जिवंत होती. उजवा हात कोपरापासून गेला. दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यात आलास, माझ्यासाठी चहा घेऊन. कागद पुढे केलास. "ताई, फुलीच्या जागी सही कर, म्हणजे खर्च कंपनी भरेल." मी बिलाची मागची बाजूसुद्धा वाचणारी बाई. पण अक्षर तुझं होतं. पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतलेलं अक्षर. ते काय वाचायचं, म्हणून सही केली.

लखोट्यात त्याच कागदाची नक्कल आहे. त्यात मी म्हणते, "परवानगी न घेताच खांबावर चढलो, असे माझ्या पतीने मला स्वतः सांगितले." सोबतच्या पत्रात कंपनी म्हणते, म्हणून भरपाई नाही, नोकरीही नाही. दवाखान्याचा खर्च तेवढा दयेपोटी दिला, असंही लिहिलंय. धाकट्या, माझी वही काढून पाहिली. सही अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची, मंगळवारची. यांनी डोळे उघडून पाणी मागितलं ते गुरुवारी. मंगळवारी हे मला सांगणार कसे?

मला त्याहून लागलं ते वेगळंच. ती नक्कल यांनीही वाचली. माझी सही पाहिली आणि भांडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तूच लिहून दिलंयस, म्हणजे मी बोललो असेन. फोन राहून गेला असेल माझ्याकडून." चोवीस वर्षांत ज्याच्या हाताखाली एकाला साधा चटका बसला नाही, तो माणूस आता स्वतःलाच दोषी धरून बसलाय. आणि ते माझ्या सहीमुळे.

काल यांचा जोडीदार येऊन गेला. दार लावून घेतलं, मगच बोलला. "वहिनी, फोन झाला होता. मी खालीच उभा होतो. पण मी कंत्राटावर आहे, चौकशीत मला विचारू नका." मी विचारलं, पलीकडून बोललं कोण? त्याने दाराची कडी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाला, "बंद केली म्हणणारा आवाज तुमच्या भावाचा होता." माणसाकडून चूक होते. तू त्या दिवशी चहाऐवजी तेवढंच घेऊन आला असतास, "ताई, चुकीची लाईन बंद केली गं," तर मी तुला पोटाशी धरून रडले असते. तू माझ्याच हातून यांच्यावर ढकललंस. अपघाताची चौकशी अठरा तारखेला आहे. न वाचता सही केली ही माझी चूक मी तिथे देवाला स्मरून सांगणार आहे, आणि यांना आजच, हे पत्र पेटीत टाकून आल्यावर. तुझी चूक सांगायला तू स्वतः येतोस, की तुझं नाव मला घ्यावं लागणार, एवढंच उलट टपाली कळव.

तुझीच,
ताई