रेग्युलेटर पाण्याबाहेर तोंडात धरू नये

३ फेब्रुवारी
संकल्प केला. येत्या अकरा तारखेला आमचा डायव्हिंग क्लब नवा सुरक्षाप्रमुख निवडणार. तो मी. सायमा सरोवरावर बर्फ जाड आहे, क्लबातलं अज्ञान त्याहून जाड. थंड पाण्यातल्या अपघातांवर जेवढं छापून आलं, तेवढं मी वाचलंय. बाकीचे नुसते बुड्या मारतात.

५ फेब्रुवारी
भाषण लिहिलं. पहिला धडा: गारठ्यात, पाण्याबाहेर, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा पुरवणारी झडप, तोंडात धरून श्वास घेऊ नये. वाफ आत गोठते, झडप उघडीच राहते आणि टाकीतली हवा भसाभस वाहून जाते. दुसरा धडा: ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाची, चेन पाठीवर असते, ती जोडीदाराकडून तपासून घ्यावी.
बायको, आउने, म्हणाली, यालमारी, आधी तुझा रेग्युलेटर सर्व्हिसिंगला टाक. म्हटलं, विचारांना सर्व्हिसिंग लागत नाही. म्हणाली, मग खाली विचारांनीच श्वास घेणारेस का? प्रश्न उथळ.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
क्लबच्या सौनात, त्या तापलेल्या वाफेच्या खोलीत, भाषणाची तालीम. श्रोत्यांना दरदरून घाम फुटला. शेवटपर्यंत फक्त म्हातारा ओन्नी डोळे मिटून ऐकत होता. कसं वाटलं, विचारलं. म्हणाला, बाबा रे, तू दाराला टेकून उभायस, सरक जरा.

११ फेब्रुवारी, सकाळ
मतदानाआधी उमेदवारानं बर्फाखाली एक बुडी मारायची, अशी क्लबची रीत. माझ्या कमरेची दोरी आउनेच्या हातात. विजय नक्की.

दुपार. तीन घोंगड्यांत.
घडलं ते असं. बर्फातल्या भोकाच्या काठावरून बोललो. धडा नुसता सांगून पटत नाही, म्हणून काय करू नये ते रेग्युलेटर तोंडात घालून, श्वास घेऊन दाखवलं. मागच्यांना दिसलं नसेल म्हणून पुन्हा दाखवलं. अध्यक्षीणबाई हेल्लेवी ओरडल्या, अरे, पाठ फिरव, चेन बघू दे! वक्त्यानं श्रोत्यांकडे पाठ फिरवायची नसते. उडी मारली.
रेग्युलेटरनं माझा शब्द न् शब्द खरा केला. हवा गेली. सूटमध्ये निम्मं सायमा शिरलं. दोरी हिसडली, आउनेनं वर ओढलं. भाषण पुढे न्यायचं होतं, पण दात वाजायचेच थांबेनात. ओन्नी म्हणाला, इतकं आटोपशीर तू कधी बोलला नव्हतास. टाळ्या पडल्या.

संध्याकाळ
ऐनवेळी ओन्नीनं आउनेचं नाव सुचवलं. निवड एकमतानं. माझाही हात वर होता, पण तो दोरी धरल्यापासून तसाच आखडलेला होता. सुरक्षाप्रमुखबाईंचा पहिला हुकूम: यालमारीनं या हंगामात पाण्यात उतरायचं नाही, पण प्रत्येक व्याख्यानाला हजर राहायचं. म्हणजे माझ्यावाचून अडतंच.

१८ फेब्रुवारी
पहिलं व्याख्यान, विषय माझाच अपघात. मला मंचावर स्टूल दिलं होतं. सूट घालून, तोंड भिंतीकडे करून बसायचं, चेन सगळ्यांना दिसावी म्हणून. बोलायचं नाही.
सभागृह खच्चून भरलं होतं, असं आउने म्हणाली.