म्हातारीचा दम

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. नळाला पाणी बारीक आणि कपाटाचं एक दार लागत नाही, पण खिडकी उघडली की झाडांच्या वर म्हातारीची पाठ दिसते. मला आणखी काय हवं?

म्हातारी म्हणजे या पार्कातला लाकडी रोलर कोस्टर, कामगारांच्या भाषेत पाळणा. पाटीवर मोठ्या अक्षरांत त्याचं भारदस्त नाव आहे, ते कुणी घेत नाही. चढावर साखळी कुरकुरते आणि उतारावर सगळा सांगाडा हलतो, म्हणून म्हातारी.

सहा वर्षं बिस्किटं पुड्यांत भरणाऱ्या यंत्रांचे कंट्रोल सांभाळले, आता याचे सांभाळायचे. दादाला फोन केला तर माझ्याआधी तोच ओरडला. नऊ वर्षांची असताना मला उंचीच्या मोजपट्टीपाशी टाचा उंचावून उभं करणारा तोच. तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. तो शेवटच्या सीटवाला, कारण उतारावर तिथलाच माणूस उचलला जातो. मी पहिल्या सीटवाली, कारण समोर काही नसावं.

दुसरं भांडण दमाचं. तिसऱ्या टेकाडाच्या माथ्यावर, बोगद्यात घुसण्याआधी, म्हातारी चार सेकंद थांबायची. हाताने ब्रेक लावून थांबवत. राइडवेडे त्याला दम म्हणतात, म्हातारी दम खाते. या वर्षी कॉम्प्युटर आला, हाताचा ब्रेक काढला, दम गेला. निम्मे वेडे छाती पिटताहेत. माझं मत, बरं झालं. गाडीने पळावं, मध्येच थांबून सगळा वेग घालवू नये. दादा म्हणतो, अगं, त्या थांबण्यातच तर मजा होती. मी म्हटलं, तू ये तर खरा, मग बघू.

५ मार्च, बुधवार

आज मिस्त्रींनी सगळं दाखवलं. मिस्त्री म्हणजे इथले सर्वांत जुने फिटर, एकतीस वर्षं म्हातारीच्या सेवेत. कमी बोलतात, हातात तेलाचा डबा कायम.

मार्गाचे पाच टप्पे आहेत: स्टेशन, साखळीचा चढ, तिसरं टेकाड, बोगदा, शेवटचा ब्रेक. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. टप्प्यात गाडी असली की कंट्रोलच्या केबिनमधल्या फळीवर लाल दिवा, नसली की हिरवा. पुढचा लाल असेल तर कॉम्प्युटर मागची गाडी अडवतो. सोपं आहे, बिस्किटांचंही असंच होतं.

सकाळी माणसांच्या आकाराच्या, पाणी भरलेल्या पिशव्या बसवून गाडी सोडली. एक मिनिट बावन्न सेकंद. सुरेख.

हाताचा ब्रेक ओढायला पूर्वी मिस्त्रीच असायचे. दम कशासाठी, विचारलं. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलं होतं, चार आकडे मोजायचे मग सोडायची, म्हणून मोजत होतो, असं म्हणाले आणि तेल घालायला गेले.

८ मार्च, शनिवार

लोकांसाठी पाळणा सुरू, पहिला दिवस. अकरा वीसला चौथ्या टप्प्याचा, म्हणजे बोगद्याचा दिवा लाल झाला. बोगद्यात कुणी नव्हतं. दुसरी गाडी स्टेशनात माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. तरी कॉम्प्युटरने टेकाडावरची गाडी अडवली आणि सगळा पाळणा बंद पाडला. चोवीस माणसं लाकडी जिन्याने खाली आणली. एक बाई चप्पल वर विसरली म्हणून माझ्यावर ओरडली.

सेन्सर पुसला. पहिल्या दिवशी व्हायचंच.

१३ मार्च, गुरुवार

सहा दिवसांत नऊ वेळा! सेन्सर बदलला. वायर बदलली. कार्ड बदललं. दर वेळी तेच: गाडी टेकाडाच्या माथ्यावर आली की रिकामा बोगदा लाल, बरोबर चार सेकंद, मग शेवटच्या ब्रेकचा दिवा लुकलुकतो, मग स्टेशनचा, की सगळं हिरवं. तोवर पाळणा बंद पडलेला असतो आणि पुन्हा सुरू करायला चाळीस मिनिटं जातात.

डोक्याला नुसता ताप. पार्कचे साहेब तासातासाला फोन करतात, मॅडम झालं का. राइडवेड्यांच्या ग्रुपवर माझं नाव बिस्किटवाली पडलंय. बिस्किटवालीने म्हातारीला आजारी पाडलं, वगैरे. दाराशी बाकावर टोपीवाले काका बसलेले असतातच. टोपीला जगभरच्या पार्कांचे बिल्ले, म्हातारीच्या तीन हजारांवर फेऱ्या, आणि हातात वही. मी दिसले की माझे बंद पडलेले पाळणे तारीख-वेळेसकट वाचून दाखवतात. आज म्हणाले, दम होता तेव्हा असं कधी झालं नाही. मी म्हटलं, काका, तेव्हा सेन्सर नव्हता. ते म्हणाले, तेच तर म्हणतोय.

काय तेच तर? या लोकांना कोड्यात बोलायची हौस फार.

१७ मार्च, सोमवार

पाळणा लोकांसाठी बंद ठेवला, मिस्त्रींना रिकामी गाडी टेकाडाच्या माथ्यावर आणून थांबवायला सांगितली आणि बोगदा पायी पाहिला. ऐंशी पावलं, ग्रीसचा वास, उंदराचं घरटंसुद्धा नाही. मी कडेच्या फळीवर उभी होते. वॉकीटॉकीवर मिस्त्री म्हणाले, मॅडम, चौथा लाल झालाय, तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं, चौथ्यातच आहे, इथे काहीही नाही. ते म्हणाले, भिंतीला चिकटा.

चिकटले. का, ते माहीत नाही. ओढणी पुढच्या बाजूला ओढली गेली आणि पायाखालची फळी दबली, सुटली, दबली, सुटली. चार सेकंद. मग शांत.

बोगद्यात वारा येतो. वाऱ्याने लाकूड हलतं आणि सेन्सर फसतो. असंच लिहून दिलंय.

मिस्त्रींनी बाहेर मला पाणी दिलं. मी विचारलं, तर ताकास तूर लागू देईनात.

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांचा निर्णय: चौथ्या टप्प्याचा सेन्सर बाजूला काढा, कॉम्प्युटरला कायम हिरवा दाखवा. एकच गाडी चालवायची, मग धडकणार कशावर? मी सही केली.

मिस्त्री पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "दम बंद केलात तेव्हाच साहेबांना सांगितलं होतं. आधी तिला जाऊ द्यायचं, मग आपण."

"तिला म्हणजे कुणाला?"

"उस्तादांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

माझं टाळकंच सरकलं. दोन आठवडे मी वायरी उचकटतेय आणि या माणसाला काही माहीत आहे, तेही अर्धंच! मी म्हटलं, मला दिवा का लागतो ते सांगा, गोष्टी सांगू नका. ते डबा उचलून निघून गेले.

२२ मार्च, शनिवार

दिवसभरात एकदाही बंद नाही! त्रेसष्ट फेऱ्या. साहेबांनी केबिनमध्ये येऊन पाठ थोपटली.

एकच तक्रार. बोगद्याच्या तोंडाशी कॅमेरा आहे, तिथले फोटो विकणारी मुलगी म्हणाली, गाडीच्या मागे काहीतरी काळं येतंय, लोक फोटो घेत नाहीत. काच पूस म्हटलं. सगळ्या दुनियेच्या काचा मीच पुसायच्या का?

टोपीवाले काका शेवटच्या सीटवर बसले होते. उतरल्यावर वही न उघडताच निघाले. टोपी केबिनपाशी राहिली, हाक मारली तर वळलेसुद्धा नाहीत.

२३ मार्च, रविवार

दादा आणि वहिनी आले. वहिनीची मान दुखते म्हणून ती खालीच थांबली. दादा अर्थात शेवटच्या सीटवर. तीन वाजून दहा मिनिटांची फेरी. मीच बटण दाबलं.

मला वाटलं होतं, आल्याबरोबर भांडेल, दम नाही तर काय राहिलं म्हणेल. काहीच नाही. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाला, लांब होती.

लांब? एक मिनिट बावन्न सेकंद.

जाताना कारमध्ये वहिनीने त्याचा पट्टा लावला. त्याला लावता येईना.

२५ मार्च, मंगळवार

वहिनीचा फोन. दादा परवापासून एकाच खुर्चीवर बसून आहे. दोन्ही हात मांड्यांच्या वर, मूठ वळलेली, जणू पाळण्याच्या सीटवरचा दांडा धरलाय. भरवलं तर खातो. ऊठ म्हटलं की म्हणतो, गाडी अजून थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, पडेल फरक. वहिनी मला विचारत होती, तुमच्या त्या पाळण्यात त्याच्या डोक्याला काही लागलं का गं? मी म्हटलं, नाही.

टोपीवाले काका तीन दिवसांत दिसले नाहीत. त्यांच्या सुनेने टोपी न्यायला माणूस पाठवला. त्याने सांगितलं, ते पण खुर्चीवर.

२६ मार्च, बुधवार

फोटोवाल्या मुलीकडून शनिवारपासूनचे सगळे फोटो घेतले.

गाडीला सहा डबे आहेत. फोटोत सातवा आहे. आमच्या शेवटच्या सीटला चिकटून. रंग उडालेला, तसले डबे आमच्याकडे नाहीत. त्यामागे आणखी डबे, अंधारात जाणारे. माणसं बसलेली. कुणी हात वर केलेले नाहीत, कुणी ओरडत नाही. दांड्याखाली गप्प बसलेत.

शनिवारी दुपारनंतर सातव्या डब्यात काका आहेत. उघड्या डोक्याचे.

रविवारी तीन बारापासून त्यांच्या शेजारी दादा.

सोमवारी आहे. मंगळवारी आहे. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याकडे बघतो.

२७ मार्च, गुरुवार

फोटो साहेबांना दाखवले. म्हणाले, कॅमेरा जुना झालाय, नवा मागवतो. पाळणा बंद करा म्हटलं, तर आता कुठे तो चालायला लागलाय म्हणाले. मी टेबलावर हात आपटला, तेव्हा सुट्टी घ्या म्हणाले. भिंतीशी बोलणं बरं! संध्याकाळपर्यंत एकोणपन्नास फेऱ्या झाल्या. एकोणपन्नास वेळा शेवटच्या सीटवर कुणीतरी बसलं. मी दाराशी उभी राहून लोकांना अडवत होते तर मलाच बाहेर काढलं.

मिस्त्री भेटायला आले. आज आपणहून बोलले. ती दुसरी गाडी म्हातारीच्याही आधीची आहे. दम खाऊन आपण थांबायचं, ती पुढे निघून जायची. स्टेशनातून पण तशीच जायची. तिथला ब्रेक उस्ताद मुद्दाम उघडा ठेवत. तिला थांबवायची नाही, एवढं एकच ते हात जोडून सांगायचे.

मी विचारलं, थांबवली तर बसलेले उतरतील ना?

मिस्त्री म्हणाले, "उतरतील. पण सगळेच उतरतील."

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी ८.४०

केबिनमध्ये आहे. फाटक दहाला उघडतं. मिस्त्रींनी किल्ली दिली, आत यायला तयार नाहीत, जिन्याच्या पायथ्याशी उभे आहेत. मला फक्त दादा हवाय. तो उतरला की लगेच दांडे उघडायचं बटण सोडायचं.

सेन्सर परत जोडला. तिला थांबवायला स्टेशनचा ब्रेक लावला.

८.५२

रिकामी गाडी सोडली. टेकाडाच्या माथ्यावर अडवून धरलीय. एक, दोन, तीन, चार.

चौथा लाल.

पाचवा लाल.

स्टेशन लाल. विझला नाही. लालच.

समोर रूळ रिकामे. फलाटाच्या फळ्या दबल्या आहेत. लाकडाचा जुना, ओला वास — काचेवर धूळ उडाली —

बटण दाबलं.

८.५५

दांडे उघडल्याचा आवाज. खटाक, खटाक, ओळीने.

फोन. वहिनी. आधी नुसती रडतेय, कळेना काही. दादा उठला! उभा राहिला, पाणी मागितलं, माझं नाव घेतलं. दादा फोनवर आला. "तूच उघडलंस ना?" म्हणाला. त्याचाच आवाज. त्याचाच. जिवात जीव

आवाज अजून चालू आहे. खटाक. खटाक. बटणावरून हात काढलाय. चोवीस केव्हाच झाले. मोजत होते, दीडशेवर सोडून दिलं —

दादा फोनवर ओरडतोय, बंद कर, आमच्या मागे किती होते तुला माहीत नाही, बंद —

ब्रेक सोडला. दिवा तसाच. जात नाही ती.

मिस्त्री खालून हाका मारत होते. आता मारत नाहीत.

फलाटावर फळ्या वाजताहेत. एकदम नाही, एकेक. फाटकाकडे चाललेत. रस्त्याकडे —

काही इकडे वळले. जिना. सहा पायऱ्या आहेत

पाच

दाराला आतून कडी आहे, मी लाव