कड्यावरचं घर, गल्लीतलं घर

नॉरिच, ६ सप्टेंबर १९८३

चि. एनिड हिला म्युरियलताईचे अनेक आशीर्वाद.

सकाळी रेडिओ लावला आणि हातातला टोस्ट हातातच राहिला. वॅक्सबीचा कडा पुन्हा ढासळला म्हणे. तुमच्या त्या एवढ्याशा गावाचं नाव रेडिओवर येतं ते कधी चांगल्यासाठी येत नाही. तू धड आहेस, एवढं तरी एका कार्डावर लिहून टाक.

एनिड, आता ती झोपडी पुरे झाली. फ्रेड गेल्यापासून माझी वरची खोली रिकामी पडली आहे. इथे काय नाही? दारातून निघालीस की पाच मिनिटांत बाजार. त्या पट्ट्यापट्ट्यांच्या छपरांखाली वाटाण्याची गरम उसळ मिळते, वर पुदिन्याची चटणी. तू लहानपणी बशी चाटायचीस. संध्याकाळी कॅथेड्रलमधली प्रार्थना ऐकावी, नदीकाठाने घरी यावं. किल्ल्यावरच्या संग्रहालयात चहा चांगला मिळतो. अन् मुख्य म्हणजे इथे जमीन जमिनीच्या जागी आहे. आमची गल्ली राणी व्हिक्टोरियाच्या काळापासून तसूभर हललेली नाही.

समोरच्या थर्टलबाई कालच म्हणाल्या, की तुमच्या बहिणीला समुद्राची एवढी हौस असेल तर खोलीत चित्र लावा. मला ते पटलं.

बाकी क्षेम. उत्तर लगेच धाडणे, माझा जीव टांगलेला आहे.
म्युरियलताई

वॅक्सबी, १० सप्टेंबर

ती. म्युरियलताईस एनिडचा सा. न. वि. वि.

मी धड आहे. हर्बर्ट गॉट्सचं खुराडं मात्र गेलं. हर्बर्ट म्हणजे शेजारचे ते म्हातारे, खेकडे धरणारे. सकाळी अंडी काढून ते खुराड्याबाहेर आले, मागे वळून दार लावायला गेले तर दारच नाही. खुराडं, कोंबड्या, कुंपण, सगळं खाली. माझ्या स्वयंपाकघरात आले तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. टोपीतली अंडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, की एनिडबाई, ही शिजवा, अजून गरम आहेत, आता पुढची काही यायची नाहीत. माझ्या हातून पहिलं अंडं फुटलंच. दुसरं कसंबसं तळलं. आम्ही दोघांनी ते वाटून खाल्लं.

तुझी वरची खोली मला माहीत आहे. बाबांच्या दुखण्यात मी तिथेच राहिले होते. त्याआधी आत्याकडे, त्यानंतर नोकरीला लागले त्या शाळेच्या वसतिगृहात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मी कुठेही दुःखात नव्हते, पण सगळीकडे कुणाच्या तरी घरात होते. हे बंगलीवजा घर माझं आहे. मी पडदे पिवळे लावले तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही. तुला हे कळायचं नाही, कारण तू विसाव्या वर्षीच गृहिणी झालीस.

आणि तुझं शहर शहरापुरतं ठीक. इथल्यासारखं आभाळ तुम्हाला गल्लीतून दिसतं तरी का? दलदलीतलं ते खारट हिरवं शाक मी परवाच लोण्यात परतलं. वाळूवर सील येऊन पडतात, दुपारी चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखे घोरतात. पवनचक्कीपाशी होड्यांची शिडं गवतातून चालल्यासारखी दिसतात. सहल म्हणून लोक लांबून येतात, आणि मी तिथेच राहते. सोडून जाऊ म्हणतेस?

थर्टलबाईंना माझा नमस्कार, आणि चित्र त्यांनी त्यांच्याच घरात लावावं. राग नसावा, माया असावी.
तुझी एनिड

नॉरिच, २४ ऑक्टोबर

चि. एनिडला आशीर्वाद.

तुझ्याकडून घरी पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, की वॅक्सबीला सुट्टी कशी झाली. मी तोंड खिडकीकडे केलं. ती म्हणाली, हवा मानवली नाही वाटतं.

तुझ्या मागच्या अंगणात मी काय पाहिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही. तू मला म्हणालीस, ताई, चादरी वाळत घालून ये. मी टोपली घेऊन गेले. कपड्यांच्या दोरीचा अलीकडचा खांब होता, पलीकडचा नव्हता. दोरी नुसती कड्यावरून खाली लोंबत होती आणि वाऱ्यावर हलत होती. टोपली मी तिथेच टाकली. आणि तू बाहेर येऊन काय केलंस, तर दोरी ओढून घेतलीस, झुडपाला बांधलीस, आणि चिमटे मागितलेस.

त्यानंतर आपण दोघी जे बोललो ते बोललो. हट्टी म्हातारी हे शब्द मी मागे घेते, कारण मी तुझ्याहून म्हातारी आहे. मूर्ख हा शब्द राहू दे. हर्बर्टरावांना मी विचारलं होतं, की तुम्ही तरी तिला का सांगत नाही. तर ते म्हणाले, बाई, सांगायला मी कोण, मी तिच्याहून कड्याला जवळ राहतो. धन्य आहे तुमच्या गावाची.

खोली झाडून ठेवली आहे. ती रोज झाडते. यापुढे मी काही लिहिणार नाही, एवढंच लिहिते. जपून राहावं, बहिणीला विसरू नये.
म्युरियलताई

नॉरिच, चर्चचा हॉल, १७ फेब्रुवारी १९८४

प्रिय एनिड,

अक्षर लागलं नाही तर थर्टलबाईंना फोन कर. मांडीवर कागद ठेवून लिहिते आहे. मला काही लागलेलं नाही, हे आधी वाच.

काल सकाळी भांडी घासत होते. कोळशाचं पोतं ओतावं तसा आवाज आला. मला वाटलं, कोळसेवाल्याने विचारल्याशिवाय टाकलं की काय. बोलायला म्हणून मागचं दार उघडलं, तर पायरीखाली काही नाही. परसू नाही, भिंत नाही, फ्रेडने बांधलेली मोरी नाही. विहिरीसारखं गोल भोक, आणि त्यात आमचं नासपतीचं झाड, उभंच्या उभं. त्याचा शेंडा माझ्या पायांच्या पातळीला होता. एक फांदी अजून हलत होती. मी पाय उचलला होता, एनिड. तो मी खाली ठेवला नाही, एवढंच.

किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. थर्टलबाई पुढच्या दाराने आल्या आणि त्यांनी मला कमरेला धरून मागे ओढलं. मोठ्या धीराची बाई. रस्त्यावर पोचल्यावर मात्र त्याच फतकल मारून बसल्या आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

नगरपालिकेचा इंजिनिअर आला होता, नाकासमोर चालणारा तरुण माणूस. तो सांगतो, की आमच्या गल्लीखाली जुनी भुयारं आहेत. जुन्या काळी लोकांनी चुनखडी आणि गारगोट्या खणून नेल्या, त्यांची चर्चं बांधली, आणि वरून माती लोटून विसरून गेले. मी एवढी वर्षं पोकळीवर चुली पेटवत होते. मला हसू यायला लागलं आणि थांबेना, तेव्हा त्यांनी मला इथे आणून निजवलं.

पायाखालची जमीन सरकली असं लोक किती सहज बोलतात. मी तर तुला किती ऐकवलं होतं. तू काही बोलू नकोस.
म्युरियल

वॅक्सबी, १८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

हे पत्र माझ्या आधी पोचेल का माहीत नाही, म्हणून फोनही करते आहे. उद्याच्या पहिल्या बसने मी तुला न्यायला येते. फ्रेडच्या फोटोसाठी, किटलीसाठी, कशासाठीही तू त्या घरात पाऊल टाकायचं नाहीस. मी काही बोलणार नाही. हर्बर्ट म्हणतात, की नासपतीचं झाड उभं राहिलं म्हणजे ते धीराचं होतं, तुम्ही दोघी त्याच जातीच्या दिसता.

पलंग तुझा, मी कोचावर. वाद घालायचा नाही, हे माझं घर आहे.
एनिड

नॉरिच, थर्टलबाईंचं घर, २१ मे १९८४

ती. म्युरियलताईस एनिडचा सा. न. वि. वि.

तुला तुझं घर रिकामं होताना पाहवणार नाही म्हणून तू माझ्याकडे थांबलीस आणि मी आले, हे बरंच झालं. पुढच्या खोलीत शिरायची परवानगी मिळाली. फोटो, घड्याळ, तुझे हिवाळ्याचे कपडे निघाले. पियानो नाही निघाला. इंजिनिअर म्हणाला, की त्याचं वजन पेलशील का, हे जमिनीला आता विचारायला नको. घर पाडणार, हे नक्की झालं.

एक गोष्ट लिहू का? हसणार नसशील तर. हे तुझं शहर मला आवडायला लागलं आहे. उसळ मी रोज खाते. काल नदीकाठी एका बाकावर बसले, एक बाई येऊन बसली आणि तिने न विचारता आपल्या सुनेची सगळी कुळकथा सांगितली. वॅक्सबीला अशी करमणूक नाही. संध्याकाळी कॅथेड्रलमध्ये गाणं सुरू झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि मग राग आला, की आजवर ताईचं ऐकायला नको म्हणून मी या प्रार्थनेला कधी फिरकलेच नाही.

शनिवारी परतते. हर्बर्टांनी तुला खेकडा सोलायला शिकवला असं ऐकते. बोटं शाबूत आहेत ना? लोभ पूर्वीसारखा, जमल्यास थोडा जास्त.
एनिड

वॅक्सबी, हर्बर्ट गॉट्स यांच्या भावाचं घर, २४ मे

माझी एनिड,

हे फोनवर सांगायचा मी प्रयत्न केला. तू हॅलो म्हणालीस आणि मी फोन ठेवला. म्हणून लिहिते.

तुझं घर गेलं.

रात्रभर पाऊस होता, पण सकाळी लख्ख ऊन पडलं. मी पाखरांना दाणे टाकायला खिडकी उघडत होते. हर्बर्टरावांनी पुढचं दार लाथ मारून उघडलं. मी म्हणाले, हे काय, दार वाजवायची रीत आहे की नाही. त्यांनी माझा दंड धरला आणि ओढत रस्त्यावर आणलं. माझ्या एका पायात चप्पल, हातात पातेल्यावरचं झाकण. मी वळून पाहिलं तेव्हा तुझं स्वयंपाकघर खाली जात होतं. आवाज फार झाला नाही. सावकाश गेलं, कुणी खुर्चीतून उठावं तसं. पिवळा पडदा थोडा वेळ हवेत राहिला. मग निजायची खोलीही गेली. हर्बर्टरावांचं अर्धं उभं आहे, पण तिथे राहता यायचं नाही.

किती वर्षं मी म्हणत आले, की हे होणार. झालं तेव्हा मी तिथे होते आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, की आत तिचे कपडे आहेत. बरोबर ठरल्याचं समाधान असतं म्हणतात. मी शोधलं, मला काही सापडलं नाही.

दुपारी सहलीची माणसं आली. किनाऱ्यावर मोटारी लावून, हातात आइस्क्रीम घेऊन. एकाने आपल्या बायकोला उरलेल्या भिंतीपाशी उभं करून फोटो काढायला घेतला. माझं डोकं फिरलं. मी ते झाकण घेऊन त्याच्या अंगावर धावले. ओरडले, की हे माझ्या बहिणीचं घर आहे, तमाशा नाही, चालते व्हा. एका पायात चप्पल होती, ध्यानात घे. तो आइस्क्रीम टाकून पळाला. हर्बर्टराव म्हणाले, की उभ्या जन्मात एवढी घाबरलेली माणसं त्यांनी वादळातही पाहिली नाहीत.

तुला काय सांगू, कळत नाही. तू आहेस, मी आहे. इतकंच.
म्युरियल

नॉरिच, २६ मे

माझ्या ताईला नमस्कार.

पत्र थर्टलबाईंच्या पायरीवर वाचलं. दोनदा वाचलं, अर्थ लागेना. त्या चहा घेऊन आल्या, मी त्यांना सांगितलं, की माझे पडदे गेले. त्यांना वाटलं, चोरी झाली. मग मी उठले आणि कॅथेड्रलमध्ये जाऊन बसले. गाणारे एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होते, चुकत होते, परत सुरू करत होते. माझे डोळे कोरडे होते. घर गेलं हे डोक्यात शिरत होतं, पण खाली उतरत नव्हतं. पिशवीतून पत्र काढून तिसऱ्यांदा वाचलं. तू झाकण घेऊन त्या माणसाच्या अंगावर धावलीस तिथे पोचले आणि मला रडू फुटलं. माझ्या बहिणीचं घर, असं ओरडलीस. आजवर तू त्याला नेहमी ती झोपडी म्हणत होतीस.

आता ऐक. नदीपलीकडे, थर्टलबाईंच्या ओळखीने, दोन खोल्या भाड्याने मिळताहेत. खाली काय आहे, हे मी इंजिनिअरला जाऊन विचारलं. तो हसला नाही. नकाशा काढून बघितला आणि म्हणाला, बाई, ही जागा घट्ट आहे. मी सही करून आले. भाडेपट्ट्यावर आधी माझं नाव आहे, तुझं त्याखाली. घरमालक म्हणाला, वयाने मोठीचं नाव आधी घालायला हवं. मी म्हटलं, तसंच राहू द्या, ती काही बोलणार नाही. बोलणार असशील तर इथे आल्यावर बोल.

सोमवारच्या बसने मी तिकडे येते. मला सगळं बघायचं आहे, तू माझे डोळे झाकू नकोस. हर्बर्टांना कड्यापासून दूर उभे राहा म्हणावं. तिघं मिळून लांबून बघू. मग त्यांच्याकडून खेकडे घेऊ आणि तुला माझ्या घरी घेऊन येते.

इतकं लिहून थांबते. माया आहे तशी असू दे. बोलणं थोडं कमी केलंस तरी चालेल, पण फार कमी नको.
एनिड