फोनबंदीतलं नळकांडं

ताईबाईसाहेबांच्या सेवेशी,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. मी इकडे ठणठणीत आहे, हेही आहेत (कालपासून जरा जास्तच नम्र आहेत, कारण पुढे येईलच), आणि तुझी खुशाली भाओजींनी कळवल्यामुळे ती विचारायला तू जागा ठेवलेली नाहीस. तरी विचारते. गिळताना दुखतं का? मानेखाली उशी कुठली घेतेस? भाओजींचं सूप पिण्यालायक असतं की त्यांचं मन राखायला पितेस?

गळ्यातली गाठ काढून तू घरी आलीस आणि मी काळजीपोटी जरा फोन करायला लागले, तर डॉक्टरांनी तुला घातलेली बोलायची बंदी तू सरळ माझ्यावर ढकललीस. विणकामाचं किट पाठवलंस आणि भाओजींकरवी निरोप दिलास, की रिपोर्ट येईपर्यंत हात कामात ठेव आणि हे विणून पूर्ण होईस्तोवर फोनला हात लावू नकोस. डब्यावर ‘काउल’ असं लिहिलं होतं. म्हणजे दोन्ही टोकं जोडून टाकलेला मफलर. ह्यांनी चित्र पाहून त्याला नळकांडं म्हटलं आणि आमच्याकडे तेच नाव रूढ झालं. निळ्या लोकरीवर पांढऱ्या पक्ष्यांची रांग, तुझ्या गळ्यावरची खूण झाकेल एवढी उंची. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, शाळेत असताना अख्खा स्वेटर विणलाय मी. (तो तू एकदाच घातलास, हा विषय आत्ता नको.)

किटमध्ये चौकटींचा तक्ता असतो. एक चौकट म्हणजे एक टाका. भरलेली असेल तर निळा, कोरी असेल तर पांढरा. हा तक्ता खालून वर वाचायचा असतो. आता तूच सांग, छापलेलं काही आजवर आपण खालून वाचलंय? मी आपली वरून सुरू झाले. मान मोडेस्तोवर विणलं आणि पाहते तर सगळे पक्षी पाय वर करून पडलेले. एरवी हसले असते, पण रिपोर्टची वाट बघताना ते दृश्य मला बघवेना. रडत रडत सगळं उसवलं. शेवटचा टाका निघाला तेव्हा ह्यांनी पेपरातून डोकं काढलं आणि म्हणाले, की नळकांडंच ते, उलटं करून घातलं असतं तर पक्षी सरळ झाले असते. एवढी अक्कल होती तर ती मी उसवत असताना कुठे गेली होती, असं मी विचारलं. आपल्याला कोणी विचारलं नव्हतं, असं उत्तर आलं.

दुसऱ्यांदा मात्र पक्षी पायांवर उभे राहिले. दुरंगी विणकामात एक रंग पुढे दिसत असतो तेव्हा दुसरा मागून आडवा जातो, त्यामुळे आतल्या बाजूला धाग्यांची सैल जाळी होते. ती सैलच ठेवायची, नाहीतर गळा आवळतो. आता हे पडले टेलिफोन एक्स्चेंजमधले वायरमन. जन्मभर फोनच्या जोडण्यांच्या कपाटांची मागची दारं उघडून आत लोंबणाऱ्या वायरींवर नाक मुरडलेलं. रिटायर झाल्यावरही लग्नाला गेले तर आधी स्पीकरच्या मागे जाऊन बघून येतात. माझं विणकाम उलटून पाहिलं की नुसता सुस्कारा टाकायचे, आणि मी तो कानाआड करायचे.

काल रिपोर्टचा दिवस. आदल्या दिवशीच माझा शेवटचा टाका बंद झाला होता, फक्त लोकरीची सुटी टोकं आत ओवायची राहिली होती. मला घरात बसवेना म्हणून मी दूध आणायला गेले (दूध घरात होतं). परत येते तर हे खिडकीशी बसलेले, मांडीवर नळकांडं, हातात वायरी कापायची कात्री आणि चेहऱ्यावर एक्स्चेंजमधलं जुनं समाधान. मागचा एकूण एक धागा कापून, सारखा करून ठेवला होता. मी ते नुसतं हातात घेतलं तर एका पक्ष्याची चोच निघून आली. पाठोपाठ शेजारच्याची मान.

ताई, मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “फोन काही वाजेना. म्हटलं, तू येईपर्यंत घरात एक तरी गोष्ट नीट झालेली असावी.”

तेवढ्यात फोन वाजला. उचलायला दोघंही उठेनात. शेवटी मी उचलला, तर भाओजी म्हणाले, “साधी गाठ होती. काही नाही निघालं.” साधी हा शब्द इतका सुंदर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले, हेही शेजारी बसले, आणि आम्ही दोघंही त्याच नळकांड्याला डोळे पुसले. त्यात आणखी एक पक्षी गेला. जाऊ दे. तू आहेस, बास.

भाओजींना नमस्कार.

तुझी,
जन्मापासून ऐकून घेणारी धाकटी

ता. क. सोबत नळकांडं पाठवते आहे. ह्यांनी बसून सगळ्या टोकांना वायरमनच्या गाठी मारल्यात, त्यामुळे ते बाहेरून बरं आणि आतून साळिंदर झालंय. गळ्यात घालू नकोस, किटलीला घाल.

ता. क. दुसरा. हे म्हणतात, पुढचं किट मागे धागे नसलेलं मिळतं का बघ.

ता. क. तिसरा आणि खरा. विणून पूर्ण होईस्तोवर फोन नाही, अशी तुझी अट होती. ही वस्तू आता या जन्मी पूर्ण व्हायची नाही, तेव्हा अट मागे घे. गळ्याच्या ऑपरेशननंतर कधीकधी आवाज बदलतो, असं कोणीतरी मला उगीचच सांगून ठेवलंय. मी काही बोलणार नाही. डॉक्टर बोलू देतील तेव्हा तू फक्त एकदा फोन करून मला मूर्ख म्हण, नेहमीसारखं.