हिरूला आणायला होडी

सोमवार, वैशाख शु. २
हिरू, बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतो? तुझ्या घरधन्याचा खोकला? सूनबाईची ड्युटी अजून दुपारचीच? नातवाला दात आले का? आमच्याकडे हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, बाकी सगळी उभी आहेत.

हे पोस्टात टाकायचं नाही. आठ वर्षं सख्खी बहीण माझ्याशी बोलत नाही, नंबर ब्लॉक केलाय. पत्र कशाला उघडेल. वहीत राहू दे.

नातीची हळद त्रयोदशीला. पहिली हळद लावायचा मान हिरूचा. तिच्या सुनेकडून निरोप धाडला. उत्तर आलं: "दादूसला सांग, बापूस मना होडीनं न्यायला वसईला यायचा. होडी आण, मंग बघू." घरात हशा पिकला. मला हसू आलं नाही.

बुधवार, शु. ४
धर्मा तांडेलाची होडी आहे, शीड नाही. समोरच्या लूमवाल्या इरफानकडून कोरं कापड आणलं, दुहेरी शिवलं. म्हणतो, "चाचा, इससे अस्तर बनता है, जहाज नहीं." म्हटलं, "तू धागा पक्का दे, जहाजाचं मी बघतो." पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

पोरगा तापलाय. "गाडीनं दीड तासात वसई. वयाचं तरी भान ठेवा, बाबा." बरोबर बोलतो. पण आठ वर्षांत त्या दीड तासाच्या वाटेनं एकदाही गेलो नाही, हेही खरंच.

शुक्रवार, शु. ६
लिहूनच टाकतो. जमिनीच्या कागदावर सही घ्यायला गेलो तेव्हा हिरू चष्मा शोधायला उठली होती. मी म्हटलं, "वाचतेस कशाला, विहिरीचं आहे." हक्कसोडपत्र होतं, तिच्या वाट्याचं. आता तिथं गोडाऊन.

मी शाळेची पायरी चढलो नाही. हिरू शिकायची, तिच्या पाटीवरून मी अक्षरं गिरवली. आणि तिलाच म्हटलं, वाचू नको.
हे घरी हिलाही कधी सांगितलं नाही.

उद्याच्या भरतीचा हिशोब: तिथीची पाऊणपट, म्हणजे सव्वापाच, वर दीड तास. सप्तमीला पावणेसातला भरती पुरी, एक वाजेपर्यंत ओहोटी. म्हणजे ओहोटीबरोबर खाली वाहत बाराला वसईच्या धक्क्यावर. हिरूच्या सुनेला कळवलं, बाराला येतो.

शनिवार, शु. ७
सकाळी मतलई वारा पाठीशी. इरफानचं अस्तर टम्म फुगलं. धर्मा म्हणे, "लग्न नातीचं, नि मिरवतोस तू!" घोडबंदर मागे पडलं. साडेअकरा-बाराला रेल्वेचा पूल दिसला आणि होडी जागच्या जागी. पाणी फिरलं, भरती लागली! वर खारा वारा तोंडावर.

धर्मा माझ्याकडे बघतच राहिला. "दीड तास वर कवा धरायचा? आपल्या बंदराला! वसई खाडीच्या तोंडाशी हाय, तिथं पाणी आधी फिरतं. येडा का खुळा तू?"

बापूस दोन्हीकडचं पाणी वेगळं मोजायचा. मी आपल्याच धक्क्याचं घड्याळ वसईला लावलं. आणि फक्त पाण्यालाच लावलं असतं तर…

नांगर टाकला. सुनेचा फोन लागेना, ड्युटीवर असणार. ऊन, खारं पाणी, एक कलिंगड. संध्याकाळी पाणी उतरायला लागलं तेव्हा वल्ही मारत किल्ल्याखाली आलो. दिवे लागले होते. धक्क्यावर एक मासळीवाली टोपली धूत होती. "आत्ता आलाव? एक बाई बारापासून बसलेली, डोक्यावर पदर घेऊन. चार वाजता उठली. म्हणाली, माझा भाऊस येतो म्हणाला तवाच समजायला पायजे होतं."

रविवार, शु. ८
काल हिरूनं दार उघडलं, पाणी दिलं. भाकरी, सुका बोंबील वाढला. ताट ठेवून आत गेली.

सकाळी पाण्याचा हिशोब कसा चुकला ते सांगायला गेलो. म्हणाली, "बापूस तिथी मोजायचा. तू जमीन मोजलीस." धर्मा उठून अंगणात गेला.

मग विहिरीचं सांगितलं. सगळं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. सूप भरून झाल्यावर विचारलं, "शीड कसल्या कापडाचं?"
"लूमच्या."
"बघू."
धक्क्यावर आली. टोकाला उसवलं होतं, तिथं बसून टाके घातले. दात लावून दोरा तोडला.
"येशील ना, हिरू?"
"न्हाय म्हनत न्हाय. हो पन म्हनत न्हाय." आणि घराकडे वळली.

आता साडेअकरा. वसईच्या घड्याळानं सव्वाबाराला भरती लागेल, की निघायचं. धर्मा होडीत आहे. मी पुन्हा तिच्या ओट्यावर. दार लोटलेलं आहे.

हिरू, ही वही उंबऱ्यावर ठेवतोय. चष्मा शोध. या वेळी सगळं वाच, शुक्रवारचंही. एकादशीला होडी घेऊन परत येतो, कितीला यायचं ते तू मोजून सांग. मागची पानं कोरी आहेत. शिव्या घाल हवं तर, पण तुझ्या हातानं लिही आणि सुनेला त्या पानाचा फोटो पाठवायला सांग. दिवस थोडे आहेत. लवकर लिही.