हॉलमधला उतार

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ओळंब्या,

आशीर्वाद घे, आणि हातात चहा असेल तर आधी खाली ठेव.

आम्ही ठीक. बाबांचा पलंग खाली हॉलमध्ये आणलाय, गुडघ्यांना जिना नको म्हणून. बाकी विशेष काही नाही. नाही कसं, आहे! म्हणून तर पत्र लिहितेय. फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस आणि मेसेज न वाचताच पुसतोस. पत्र फाडायला निदान उघडावं तरी लागतं.

तर ऐक. आपलं घर म्हणजे एकेकाळचा बर्फाचा कारखाना!

हसू नकोस. बाबांच्या उशाशी दिवा हवा होता म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने हॉलच्या भिंतीला भोक पाडलं आणि ओरडलाच, “अहो ताई, तुमची भिंत गळतेय! भुसा गळतोय!” खरंच, लाकडाचा भुसा, मूठमूठभर. बाबा पलंगावरून म्हणाले, “भरून ठेव खोक्यात, आपलाच माल आहे.” भिंतीत कुणी भुसा का भरेल, ते काही माझ्या डोक्यातून जाईना. बाबांचा डोळा लागला की मी कॉम्प्युटर उघडून बसायला लागले.

ग्रंथालयाने शहराचे जुने नकाशे इंटरनेटवर टाकलेत. आजच्या नकाशावर जुना नकाशा ठेवता येतो, आणि बोटाने सरकवत नेला की आजचं शहर पुसत जातं. शाळा गेली, दवाखाना गेला, समोरच्या शिंप्याचं दुकान गेलं, गल्लीच्या जागी नुसता कालवा उरला. आणि कालव्याकाठी एकच चौकोन, आपल्याच घराच्या मापाचा. आत बारीक अक्षरांत ‘बर्फ’. मी अशी किंचाळले की बाबा दचकून उठले, “कोण गेलं?”

मग मी झपाटल्यासारखी शोधत सुटले. जुन्या वर्तमानपत्रात जाहिरात सापडली, ‘स्वच्छ पाण्याचा बर्फ, घरपोच’. जुन्या फोटोंच्या एका ग्रुपवर विचारलं, तर एका निवृत्त पोस्टमननी थेट फोटोच टाकला. त्यांचे आजोबा तिथे कामाला होते म्हणे. फोटोत चौघं जण लोखंडी आकड्यांनी बर्फाची लादी ओढतायत, आणि मागे, अरे, आपल्या स्वयंपाकघराची खिडकी! तीच, वरून कमानीची. जमीन ओली आहे आणि पाणी सगळं एका कोपऱ्याकडे धावतंय. कुठल्या, ते तुला सांगायला नको.

पोस्टमननी खाली लिहिलंय, बर्फ टिकावा म्हणून भिंतींत भुसा भरला होता, आणि वितळलेलं पाणी साचू नये म्हणून जमीन बांधतानाच उतरती ठेवली होती. मी एकटीने हॉलच्या त्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट सरकवलं (कंबर धरलीय, पण चालायचंच). मागे फरशीत बुजवलेलं गटाराचं तोंड!

बांधतानाच, कळलं का? घर खचलेलं नाही. कधीच नव्हतं.

भिंतीवरची प्रत्येक तसबीर सरळ करत फिरायचास म्हणून बाबांनीच तुझं नाव ओळंबा ठेवलं होतं. मग तू इंजिनिअर झालास, हॉलच्या मधोमध पातळी बघायची पाणसळ ठेवलीस आणि म्हणालास, जमीन कललीय, पाया खचतोय, पडायच्या आत घर विका. बाबा म्हणाले, जमीन सरळ आहे, तुझं डोकं कललंय. तू बॅग उचललीस. आई गेली तेव्हा आलास, तर तेव्हाही लॉजवर राहिलास. उतार खरा आणि खचणं खोटं. दोघंही अर्धे अर्धे बरोबर, आणि भांडलात मात्र पुरेपूर!

फोटो बाबांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

“म्हणजे उतार आहे.”

“आहे.”

“म्हणजे तो बरोबर होता.”

“तुम्हीही होतात की, बाबा. घर पडणार नव्हतंच.”

“माझं राहू दे. तो बरोबर होता, एवढं लिही.”

लिहिलं. आता जे लिहू नको म्हणून बजावलंय, ते. पलंग गुडघ्यांमुळे खाली आलेला नाही. बाबांच्या हृदयाची झडप बदलायची आहे, येत्या शुक्रवारी. या वयात भरवसा देता येत नाही, म्हणतात डॉक्टर. तुला कळवायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. “दया येऊन आलेला मुलगा नको मला,” म्हणाले. म्हणून हे बर्फाचं पुराण लावलं. त्यातलं काही खोटं नाही, माझा आनंदही खरा आहे. पण मला तू इथे हवा आहेस. दया वाटत असेल तर ती लॉजवर ठेव आणि कारखाना बघायला म्हणून ये. गुरुवारी सकाळी त्यांना हॉस्पिटलात न्यायचंय, त्याच्या आत. कुरिअरने पाठवतेय, मंगळवारी मिळेल.

आत्ता ते पलंगावरून विचारतायत, “काय लिहितेस गं एवढं?” बर्फाचं, म्हटलं. “मग खाली माझंही नाव येऊ दे.” आजवर तुला लिहिलेल्या एकाही पत्रावर त्यांनी ते येऊ दिलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. वरचा मजकूर दुमडून कागद त्यांच्यापुढे धरतेय. खालचं अक्षर त्यांचंच.

तुझी,
ताई

ये.
बाबा