लाईन आली, चहा घ्या

९ फेब्रुवारी
दुपारी फ्रिजवरचा डबा फोन वाजला. तपासणीचा, आमचे राउटर ज्यावर मेसेज टाकायचे तो. सप्टेंबरपासून त्यावर फक्त रिचार्ज संपल्याचे मेसेज येतात, म्हणून उठलेच नाही. संध्याकाळी पाहिला तर, "सोनगीर १. लाईन आली. चहा घ्या."
सोनगीरला आपण राउटर बसवलेलाच नाही.
मेसेज मात्र माझा. राउटरकडून चहा घ्या म्हणवणारी बाई अख्ख्या खानदेशात दुसरी नसावी.

१० फेब्रु.
पोळ्या लाटताना तेच डोक्यात. नीट मांडून बघते.
राउटरमध्ये मी लिहून घातलेल्या स्क्रिप्टचे भाग दोन. वरचा: इंटरनेटची लाईन गेली की राउटरने आपणहून आतलं मोबाईलचं सिम चालू करायचं आणि मेसेज टाकायचा. खालचा: लाईन परत आली की सिम बंद करून पुन्हा मेसेज. दोन्ही भागांत दोन नंबर, एक गिऱ्हाइकाचा, एक आमचा. आमचा म्हणजे हा डबा फोन.
मी जळगावात बसून लिहायचं, धुळ्याकडे संजूभाऊजींनी शिडीवर चढायचं, अशी वाटणी. धाकटे दीर, पण कामात बरोबरीचे भागीदार. सप्टेंबरात तेच म्हणाले, वहिनी, आता हे कोणाला नको, जो तो मोबाईलच्या नेटवर चालवतो, बंद करू. मी मुकाट कामाची पेटी माळ्यावर टाकली. आठवडाभर जेवण गेलं नाही, ते वेगळं.
मग सोनगीरला चहा घ्यायला कोण सांगतंय?

१४ फेब्रु.
आणखी दोन. "सोनगीर १." मग "देवपूर क्लास." दोन्ही 'आली'चे. 'गेली'चा एकही नाही. न जाताच लाईन येते कशी?
भांडी घासता घासता उलगडलं. सं.नी माझीच स्क्रिप्ट उचललीय. वरच्या भागातला माझा नंबर काढून स्वतःचा घातला आणि तिथेच थांबले. खालपर्यंत वाचलंच नाही, म्हणून 'आली' अजून माझ्याकडेच येतं. या माणसाला किराण्याची यादी दिली तरी पहिल्या चार वस्तू आणतो.
आधी हसू आलं. मग बराच वेळ नळ चालूच ठेवला.

२० फेब्रु.
सोनगीरच्या नानांना फोन केला. केळी पिकवायचं चेंबर आहे त्यांचं. गेल्या उन्हाळ्यात मीच तासभर समजावलं होतं. नंतर सं. म्हणाले, नानांनी नाही म्हटलं.
मी फक्त विचारलं, कसं चाललंय.
"बेस चालनं शे, अक्का. पन तुम्ही बठ्ठं काम सोडी दिधं ना? संजूभाऊ सांगे, वहिनीले आते घरमाच ऱ्हावानं शे."
सगळं काम सोडलं का, तर मी "हो" म्हणाले. का म्हणाले ते कळत नाही. नानांसमोर घरचं उघडं पडायला नको म्हणून असेल. घराची अब्रू सांभाळायचं काम तेवढं कोणी काढून घेतलेलं नाही.
म्हणजे मला सांगितलं गिऱ्हाइकांना नको, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं मला नको.

२ मार्च
ह्यांना सांगू की नको. सख्खा भाऊ आहे. बिचारे दोघांच्या मध्ये सापडतील.
आज घरची लाईन पंधरा मिनिटं गेली होती. ह्यांच्या मोबाईलवर नेहमीप्रमाणे 'गेली', मग 'आली'. ऑफिसात सगळ्यांना दाखवतात, आमच्या घरच्या राउटरला बोलायला हिने शिकवलं म्हणून. येताना माझ्यासाठी कचोरी आणली.
नकोच सांगायला.

११ मार्च
उकाडा. दुपारी दोनपासून डबा फोन थांबेना. सोनगीर, सोनगीर, सोनगीर. एकेचाळीस वेळा 'आली'. एकेचाळीस वेळा चहा.
कुठेतरी वायर ढिली. लाईन क्षणात जाते, क्षणात येते, आणि राउटर प्रत्येक वेळी इमानदारीत सांगितलेलं करतो. सिम चालू, सिम बंद, सिम चालू. या धावपळीत नानांना चेंबरचं तापमान मोबाईलवर दिसत नसणार. आत केळी, बाहेर हे ऊन.
उपाय माझ्याकडे आहे. आली म्हटल्याबरोबर विश्वास ठेवायचा नाही. दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं, टिकली असेल तरच सिम बंद. ऑगस्टातच लिहिलं होतं. सं.ना द्यायचं राहिलं, मग काम 'बंद' झालं.
बसू दे सं.ना डोकं धरून. पण माल नानांचा आहे, सं.चा नाही. हे एक अडतं.

१२ मार्च
सकाळी चहाच्या वेळी हे म्हणाले, अगदी सहज, पेपरातून डोकं न काढता:
"समज, लाईन सारखी जात-येत असेल, तर त्या स्क्रिप्टमध्ये काय करायचं असतं गं?"
वीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला असला प्रश्न विचारलेला नाही. वायफायचा पासवर्डसुद्धा मी टाकून देते.
मी विचारलं, संजूभाऊजींनी विचारायला सांगितलं का. पेपर खाली आला.
"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"
"दिवाळीच्या आधीपासून. तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो. त्याला स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं."
दिवाळीत देवपूरला सं.कडे सगळे एका पंगतीला होतो. सं. मला आग्रह करकरून वाढत होते. हे शेजारी बसून बघत होते. मी तेव्हा म्हणाले होते, काम बंद झालं, आता हात रिकामे वाटतात. आणि ह्यांनी काय म्हणावं, तर "थोडा आराम कर."
सं.चा राग येतो. तो येईल आणि जाईल. ह्यांचं जे वाटतंय त्याला मला शब्द सापडत नाही. उघड लिहिते, फसवलं मला. दोघांनी मिळून, आणि काळजीच्या नावाखाली.
 कप उचलले.

१४ मार्च
एकटी गेले. सकाळच्या एस.टी.ने धुळे, तिथून सोनगीर. पर्समध्ये लॅपटॉप, डबा फोन आणि दोन पोळ्या.
सं. तिथेच होते, खांबाला शिडी लावून. मला बघून खाली उतरले, पायाही पडले. मी "असू द्या" म्हणाले. नाना चेंबरच्या दाराशी खुर्ची टाकून तीन दिवस बसून होते. डोळे लाल. माल वाचवला तो त्यांच्या बसण्याने, आमच्या दोघांच्या राउटरने नाही.
वायर सं.नी घट्ट केली. दोन मिनिटं थांबायचं मी घातलं. मग मुद्दाम लाईन काढून बघितली, लावून बघितली. बरोबर दोन मिनिटांनी सिम बंद, डबा फोन माझ्या मांडीवर वाजला. तेव्हा कुठे सं.ना कळलं, मला कसं कळलं ते. कान लाल झाले त्यांचे.
"वहिनी, मी सांगणारच होतो."
"दिवाळीच्या आधी की नंतर?"
ते शिडी उचलायला वळले.
वरच्या भागात त्यांचा नंबर समोर होता. काढायला एक क्षण लागला असता. नाना पाठीमागे उभे होते. सगळं त्यांना उमगलं होतं. एवढंच विचारलं, "मंग आते मी फोन कोनले करू?"
मी म्हटलं, तुम्ही सांगाल त्याचा नंबर घालते.
"दोन्हीस्ना टाका. पन अक्का, तुमना पहिले."
घातला. माझा पहिला, सं.चा त्याखाली. 

१५ मार्च
काल घरी आले तेव्हा ह्यांनी दार उघडून विचारलं, "झालं का?" झालं म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांच्या लेखी विषय संपला. मग म्हणाले, दमली असशील, खिचडीच टाक.
टाकली.

२२ मार्च
सं.नी दोन जागांची नावं पाठवली आहेत. पुन्हा बरोबर करू म्हणतात. कळवते म्हटलंय. कळवलेलं नाही. पेटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली, ती माझ्यासाठी.
ह्यांच्याशी बोलणं चालू आहे. भाजी, गॅस, लाईटबिल. हे खुशीत आहेत. वाटतं त्यांना, हिने मनावर घेतलं नाही.
आज हे ऑफिसला गेल्यावर घरचा राउटर उघडला. वरच्या भागातून ह्यांचा नंबर काढला. खालच्या भागातला तसाच ठेवला.
आता कधी लाईन जाईल तेव्हा ह्यांना काही कळणार नाही. आली की तेवढा मेसेज जाईल, चहा घ्या म्हणून. गेली कधी होती, हे विचारायला येतात का, बघायचं आहे.